मुलाखतीआधीची बारी

“सोड की गं पोरी, सोड! बैलं काय पंचांग बघून पळत्यात व्हय?”

हे माझे थोरले काका ओरडले, आणि ओरडले ते लाउडस्पीकरवरून. खरं तर काकांना लाउडस्पीकरची गरज नाही. ते नुसते खाकरले तरी पलीकडच्या कंपनीतली पहिली शिफ्ट सुटायची वेळ झाली असं समजून घड्याळं बघते. पण गावच्या यात्रेत बैलगाडा शर्यतीचं निवेदन त्यांच्याकडेच असतं, त्यामुळे वर्षातून एकदा त्यांच्या हातात माईक येतो आणि त्या दिवशी आमच्या भागातल्या कोंबड्या अंडी द्यायला विसरतात.

मी घाटाच्या पायथ्याशी उभी होते. घाट म्हणजे आमच्याकडे शर्यतीचा चढ. खालून बैल सुटतात ते वरच्या निशाणापर्यंत पळतात, आणि त्या एका पळण्याला बारी म्हणतात. माझ्या हातात पांढरा झेंडा होता. तो मी खाली पाडला की माणसं बैल सोडणार. माझ्या पाठीमागे चार बैल जुंपलेले, त्यांना धरून निम्मं गाव लोंबकळत होतं. आणि तो गाडा कुणा परक्याचा नव्हता, आमचाच होता. काकांचा.

मी झेंडा पाडत नव्हते.

पुढच्या आठवड्यात माझी आयुष्यातली पहिली मुलाखत होती. एका विमान कंपनीत, फ्लाइट डिस्पॅचरच्या जागेसाठी. आता तुम्ही म्हणाल, विमानाच्या मुलाखतीला निघालेली मुलगी बैलांपुढे झेंडा घेऊन काय करत होती. तेच सांगते.

डिस्पॅचर म्हणजे काय, हे त्या दिवसांत मी इतक्या लोकांना समजावलं की आमच्या गोठ्यातल्या कालवडीलाही ते तोंडपाठ झालं असावं. विमान उडायच्या आधी जमिनीवर बसून त्याचा सगळा बेत आखायचा : कुठल्या वाटेने जायचं, किती इंधन घ्यायचं, वजन किती, वाटेत हवा कशी, आणि ठरल्या ठिकाणी उतरता आलं नाही तर दुसरीकडे कुठे उतरायचं. त्या बेतावर विमानाच्या कॅप्टनची सही लागते तशीच डिस्पॅचरचीही लागते. दोघांपैकी एक जरी अडला तरी विमान जागचं हलत नाही.

“म्हंजी पायलटापेक्षा मोठी?” काकांनी विचारलं होतं.

बरोबरीची, असं मी म्हटलं. काकांनी गावात जाऊन ‘मोठी’च सांगितलं. संध्याकाळपर्यंत ती बातमी चाकणच्या बाजारात पोचली तेव्हा मी विमानं बनवत होते.

काकांचाही दोष नाही. आमच्या भागात विमानतळ येणार, येणार, असं मला कळायला लागल्यापासून मी ऐकत होते. कधी या गावाच्या माळावर येणार, कधी त्या. प्रत्येक चहाच्या टपरीवर एकेक धावपट्टी आखून झाली होती. शेवटी ते काही आलं नाही. त्यामुळे मी डिस्पॅचरची परीक्षा पास झाले तेव्हा काकांनी सगळ्या भावकीच्या वतीने जाहीर करून टाकलं की विमानतळ आपल्याकडं येईना तर न येवो, आपली पोरगी विमानाकडं निघाली. एवढं एकदा जाहीर झाल्यावर मुलाखतीत नापास व्हायची सोय उरली नव्हती. नापास झाले असते तर मी एकटी नाही, सगळी पंचक्रोशी नापास झाली असती.

अभ्यास माझा पक्का होता. हवामानाचे सांकेतिक संदेश मी भाजीच्या यादीसारखे वाचायचे. सराव म्हणून घरातलं कुणी बाहेर निघालं की त्याचाही बेत मीच आखायचे. चाकणचा रस्ता तुम्हाला माहीत असेल तर त्याला विमानापेक्षा जास्त अक्कल लागते हे मान्य कराल. आमच्या चौकातून कच्ची केळी घेऊन निघालेला टेम्पो मोशीला पोचेपर्यंत त्याचं शिकरण झालेलं असतं. आई कासारवाडीला मावशीकडे निघाली तेव्हा मी तिला सगळं सांगून पाठवलं : उतरायचं ठिकाण कासारवाडी, ते नाही जमलं तर भोसरी, आत्याचं घर. आई मोशीच्या पुढे अशी अडकली की बेताप्रमाणे खरंच भोसरीला उतरली, आत्याकडे जेवली आणि परत आली. माझा बेत शंभर टक्के यशस्वी झाला. मावशीने मात्र तीन माणसांच्या बासुंदीकडे बघत दिवस काढला आणि तुझ्या विमानात मी मेले तरी बसणार नाही, असा निरोप पाठवला.

खोट होती ती वेगळ्याच ठिकाणी, आणि ती शोधून काढली आमच्या भाडेकरू ताईंनी.

ताई मूळच्या बीडकडच्या. आमच्या वरच्या खोलीत राहायच्या आणि एका कंपनीत क्वालिटीला होत्या. म्हणजे गाड्यांचे सुटे भाग तपासायचे आणि केसाइतका जरी फरक निघाला तरी माल परत पाठवायचा. बाईंची नजर अशी की त्यांनी बघितल्यावर पोळीसुद्धा आपोआप गोल व्हायची. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांच्या मधोमध खुर्ची टाकून त्या माझी मुलाखत घ्यायच्या. कधी त्या कंपनीच्या साहेब, कधी चिडलेला कॅप्टन.

एके दिवशी कॅप्टन होऊन त्यांनी मला दटावलं. इंधन थोडं कमी आहे, पण उशीर झालाय, चालवून घेऊ, सही कर. मी म्हणाले, “बघू सर, करू काहीतरी.”

ताईंनी मांडीवरची वही बंद केली. “पुन्हा ‘बघू’ म्हणायलीस तू. ‘नाही’ म्हण की.”

“तेच म्हटलं ना मी.”

“कुठं म्हटलीस? मी विमान घेऊन गेले बी.”

मला पहिल्यांदा तेव्हा कळलं की आमच्या घरात ‘नाही’ हा शब्दच नाही. कुणी ट्रॅक्टर मागितला, जमीन मागितली, मुलगी मागितली, तरी आमचं उत्तर ‘बघू की’. मागणाराही शहाणा, तो समजून घेतो आणि चहा पिऊन जातो. आमच्या घरालाच काय नावं ठेवायची, चाकणपासून पिंपरीपर्यंतचा सगळा कारभार ‘होऊन जाईल राव’ या एका वाक्यावर चालतो. माल वेळेत पोचेल का? होऊन जाईल. पत्रा बसेल का? बसवू. आणि गंमत म्हणजे ते होऊनही जातं. पण विमान हवेत गेल्यावर ‘बघू’ म्हणून बाजूला घेता येत नाही, हे ताईंचं म्हणणं होतं.

“मी दिवसभर नाही म्हणते,” ताई म्हणाल्या. “सुपरवायझरला म्हणते, मॅनेजरला म्हणते. तरी मला जेवण गोड लागतं. तुला सगळं येतंय गं. पण हे नाही आलं तर ते तुला घेणार नाहीत, आणि घेऊ बी नये.”

ते शेवटचं मला लागलं. मग मी नकाराचा सराव सुरू केला. शेजारच्या काकूंकडे पुरणपोळीचं जेवण होतं, तिथे तिसऱ्या पोळीला नाही म्हणायचं असं घोकत गेले आणि पाच खाऊन आले. साडीवाल्याला नाही म्हणायला दारात उभी राहिले. त्याला पाणी दिलं, चहा दिला आणि आईच्या तीन साड्या ठरवल्या. घरात चर्चा झाली. पप्पांना वाटलं, ताईंच्या कंपनीत मला चार दिवस नकार द्यायला पाठवावं. काकांना वाटलं, हा मामला गावाच्या हातातला आहे.

“यात्रेला झेंड्यावर उभी करतो तिला,” ते म्हणाले. “एकेक गाडामालक कसा अंगावर येतो बघ. दोन-चार बाऱ्या सोडल्या की तो कॅप्टन तुला ससा वाटंल.”

घाटात खाली झेंड्यावर बाई, हे आमच्याकडे कुणी बघितलेलं नव्हतं. यात्रेच्या कमिटीतल्या म्हाताऱ्यांनी आधी मिशा चावल्या. पण काकांनी विचारलं की विमानं सोडणारी पोरगी बैल सोडायला चालत नाही का, आणि ते त्यांच्या नेहमीच्या आवाजात विचारल्यामुळे प्रश्न लवकर मिटला.

काम साधं होतं. वर निशाणापाशी भावकीतले एक चुलते पिवळा झेंडा घेऊन उभे. निशाणाच्या पलीकडे मोकळं शेत. तिथे पळून गेलेले बैल थांबतात. ते शेत खालून दिसत नाही, चढाच्या आड जातं. शेतात कुणी नाही अशी खात्री झाली की चुलत्यांनी पिवळा झेंडा वर करायचा. तो दिसला की मी पांढरा पाडायचा. बारी पुकारल्यावर थोड्या वेळात गाडा सुटला नाही तर ती बारी बाद, मग गाडा कुणाचाही असो.

सकाळपासून मी बाऱ्या सोडत होते. जुन्नरकडचा एक गाडामालक, मिशा अशा की त्यावर दोन चिमण्या बसाव्यात, मला बघून आपल्या माणसांना मोठ्याने म्हणाला, “ही बैलांचं तिकीट फाडती का काय आता?”

“पुढच्या वेळी खिडकीची जागा देते, मामा,” मी म्हणाले.

त्याची माणसं हसली, तोही हसला, आणि मला वाटलं, जमलं आपल्याला. पण अजून मी कुणाला नाही म्हटलंच नव्हतं. वर पिवळा दिसत होता, खाली मी पांढरा पाडत होते. त्यात कसला आलाय नकार?

मग ऊन चढलं आणि प्रमुख पाहुणे आले.

पाहुणे आले म्हणजे सत्कार आला. आमच्या भागात सत्कार ही खोकल्यासारखी गोष्ट आहे, एकाला सुरू झाला की शेजारच्याला होतोच. निशाणाच्या पलीकडे, शेताच्या कडेला सत्काराचा मंडप होता. काकांचा निवेदनाचा माचा घाटाच्या मध्यावर. तिथून ते एकेकाचं नाव पुकारायचे आणि ज्याचं नाव येईल त्याने मंडपात जाऊन शाल-नारळ घ्यायचा. काका रंगात आले की थांबत नाहीत. कमिटी झाली, देणगीदार झाले, पाणी देणारे झाले, पाण्याचा टँकर चालवणारा झाला. त्या वर्षी सत्कार न झालेला माणूस गावात राहिला असेल तर तो पाळण्यात असावा.

सत्कार चालू असतानाच आमच्या गाड्याची बारी आली. काकांनी स्वतःच ती पुकारली, आणि आवाज असा लावला की बैलांनी कान टवकारले. गडी जुंपून तयार झाले. मी वर बघितलं. पिवळा झेंडा नव्हता.

मी थांबले. पुन्हा बघितलं. निशाण होतं, पण झेंडा नव्हता आणि झेंडेवालाही नव्हता. बैल मागे रेटत होते. काकांनी पंचांगाची ती आरोळी ठोकली. मी मान हलवली, तर लोकांना वाटलं उन्हाने चक्कर येतेय. मग माझा फोन वाजला. फोन काकांचाच, आणि त्यांनी तो स्पीकरवर टाकून सवयीने माईकजवळ धरला होता. त्यामुळे पुढचं सगळं बोलणं आमचं दोघांचं झालं आणि ऐकलं सगळ्या घाटाने.

“वरचा झेंडा दिसंना, काका.”

“मी हाय की हितं. घाट सगळा मोकळा हाय, मला दिसतोय.”

“निशाणाच्या मागचं दिसतंय का तुम्हाला?”

“मोकळंच आसंल की.”

“आसंल नको. झेंडा पाहिजे.”

“पोरी, आपला गाडा हाय. बारी जाईल.”

माझ्या जिभेवर ‘बघू’ आलं होतं, खोटं कशाला बोलू. अगदी ओठापर्यंत आलं होतं. मागे आमच्याच बैलांना धरून आमचेच चुलत भाऊ घामाने निथळत होते, पप्पा कासरा धरून माझ्याकडे बघत होते, आणि माझ्या लहानपणापासून आमच्या घरात वर्षभर या एका बारीसाठी बैलांना माणसांच्या आधी खाऊ घातलं जातं. पाडला असता झेंडा तर कुणी मला जाब विचारला नसता.

“जाऊ द्या बारी,” मी म्हणाले. “न्हाई सोडणार.”

ते ‘न्हाई’ चारी दिशांच्या कर्ण्यांतून बाहेर पडलं. माझं आयुष्यातलं पहिलं, आणि निघालं तेही एवढ्या मोठ्या आवाजात. आई घरी भाकरी थापत होती, तिने तिथे ऐकलं आणि तवा उतरवला म्हणतात.

काकांचा माईक गप्प झाला. लोकांना वाटलं लाइट गेली. बऱ्याच वेळाने त्यातून आवाज आला, तो काकांचाच होता पण धुऊन आटल्यासारखा. आपल्याच गाड्याचा नंबर घेऊन त्यांनी सांगितलं, “बारी बाद.”

बैल सोडवून बाजूला घेतले, आणि तेव्हा कुठे चढावर आमचे झेंडेवाले चुलते उगवले. अंगावर शाल, एका हातात नारळ, आणि पिवळा झेंडा गुंडाळून काखेत. काकांनी नावं पुकारता पुकारता त्यांचंही नाव घेतलं होतं. नाव पुकारलं म्हणून ते गेले. आमच्याकडे नाव पुकारल्यावर न जाणं हा अपमान असतो. मंडपात फोटो काळे येतात म्हणून पाहुणे सगळ्यांना घेऊन शेतात उघड्यावर आले होते. शेतात पाहुणे होते, शाली होत्या, बर्फाच्या गोळ्याची गाडी होती आणि त्या गाडीभोवती गावातली सगळी लहान मुलं होती. हे सगळं वरून धावत आलेल्या एका माणसाने सांगितलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. घाटात टाळ्या पळालेल्या बैलांना मिळतात. पप्पांनी कासरा गड्याच्या हातात दिला, माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि तिथून हलले नाहीत. तेवढ्यात कमिटीतलं कुणीतरी म्हणालं की पोरगी दमली असेल, झेंड्यावर दुसरा माणूस द्या. त्यावर तो जुन्नरकडचा मिशीवाला पुढे आला.

“माझी बारी राहिलीय अजून,” तो म्हणाला. “झेंड्यावर हीच पाहिजे.”

सूर्य मावळेपर्यंत मी झेंड्यावर होते. विमान कंपनीने पुढे मला ओळखपत्र दिलं, ते मी पेटीत जपून ठेवलंय, पण माझी पहिली नेमणूक कुणी केली असं विचाराल तर मी त्या मिशांचं नाव घेईन.

काकांनी मात्र त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं. बोलायचंच झालं तर मधे बैल ठेवायचे. गोठ्यात उभे राहून बैलाला म्हणायचे, सांग तिला, चहा निवतोय. बैलही इतका समजूतदार की माझ्याकडे मान वळवायचा. मला वाईट वाटत होतं, पण ताईंनी मला ते वाटून घेऊ दिलं नाही. त्यांनी माझ्या पांढऱ्या शर्टाची इस्त्री तपासली, कॉलर एका बाजूने सूतभर वर आहे म्हणून शिंप्याकडे परत पाठवला, आणि गच्चीवरची शेवटची मुलाखत घेतली. कॅप्टन होऊन त्यांनी मला रागावून, लाडीगोडी लावून, रडून बघितलं. मी नाहीच म्हणत राहिले. शेवटी त्या उठल्या आणि दोरीवरचे कपडे काढायला लागल्या. त्यांच्याकडे माल पास झाला की बोलत नाहीत.

मुलाखत मुंबईत होती. समोर तिघं बसले होते, दोन साहेब आणि एक बाई. हवामान विचारलं, इंधन विचारलं, वजनाचं गणित विचारलं. ते सगळं मी भराभर सांगितलं. मग त्यांच्यातले एक पांढऱ्या केसांचे कॅप्टन पुढे सरकले. त्यांनी प्रसंग घातला : विमान भरलंय, उशीर झालाय, सगळं तयार आहे. फक्त जे पर्यायी विमानतळ धरलंय तिथल्या हवेची खबर आलेली नाही. तिथे हवा चांगलीच असेल, असं कॅप्टन म्हणतोय. साहेबही फोनवर तेच म्हणतोय. सही करणार का?

मी म्हणाले, नाही. ज्याची खबर हातात आहे असं दुसरं विमानतळ शोधीन, त्याप्रमाणे इंधन बदलीन, आणि तोपर्यंत विमान सोडणार नाही.

ते मला हटवायला बघत होते. आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, उशीर कोण भरून देणार म्हणाले. त्या बिचाऱ्यांना वाटत होतं की ते ओरडताहेत. ज्या माणसाने माझ्या काकांना कधी ऐकलेलं नाही त्याला ओरडणं म्हणजे काय हे कसं कळणार? मी शांतपणे सांगितलं, “होऊ द्या उशीर, सर.”

मग त्यांनी हसून विचारलं की हे कुठे शिकलात. मी घाटाची गोष्ट सांगितली. मुलाखतीत खोटं बोलू नये हे मला माहीत होतं, म्हणून मी फक्त बैल चारचे सहा केले. तिघांनीही समोरचे कागद बाजूला ठेवून ऐकलं, आणि ‘बारी बाद’ला त्यांच्यातल्या बाईंनी डोळे पुसले; हसून की कसे, ते मी विचारलं नाही.

निवड झाल्याचा फोन आला तेव्हा पप्पा कामावर, त्यांच्या पत्र्याच्या कंपनीत होते. तिथून त्यांनी सगळ्या लाइनवर सांगितलं आणि म्हणतात त्या दिवशी पत्र्याची एकही प्लेट वाकडी गेली नाही. आईने कासारवाडीला फोन लावला; मावशीने विमानात बसायचं कबूल केलं, पण मोशी टाळून जाणार असेल तरच. ताईंनी पेढा हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि मग खाल्ला.

मी गोठ्यात गेले. काका बैलाचं अंग चोळत होते. मी बैलाला काही सांगितलं नाही, थेट त्यांनाच सांगितलं. काका, झाली माझी निवड. मुलाखतीत त्या लोकांनी विचारलं होतं की झेंडा दिसला नाही तर काय कराल, आणि मी आपल्या घाटात केलं तेच सांगितलं.

काकांनी बैलाच्या पाठीवरचा हात थांबवला. माझ्याकडे बघितलं.

“मग आता त्यांचीबी विमानं उशिरा सुटत्याल,” ते म्हणाले.